वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक जोडताना

जुनी मोटार घरच्या घरी मूळ रूपात आणू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमी येतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून कमानीसारखे शू दाबून गाडी थांबवणारे ब्रेक, पुन्हा जोडण्याविषयी असल्यामुळे सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरांत जी मापे आली आहेत, त्यांहून वेगळे माप आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल, तर मॅन्युअलचेच माप प्रमाण मानावे.

प्रश्न : मी घेतलेल्या १९५० च्या दशकातील मोटारीचे चारही चाकांचे ब्रेक आधीच्या मालकाने सुटे करून एकाच खोक्यात टाकले होते. पुढच्या चाकांना प्रत्येकी दोन आणि मागच्या चाकांना प्रत्येकी एक सिलिंडर आहे. शू, स्प्रिंगा आणि सिलिंडर यांत डावे-उजवे आणि पुढचे-मागचे असे सगळे एकत्र झाले आहे आणि मॅन्युअलमधील आकृती अगदीच पुसट आहे. जोडणीला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात गाडीपाशी न करता टेबलापाशी करावी. खोक्यातील सगळे भाग स्वच्छ कापडावर मांडून आधी त्यांच्या जोड्या लावाव्यात, कारण ब्रेकमध्ये एकटा असा भाग जवळजवळ नसतोच. एका अ‍ॅक्सलच्या डाव्या चाकात जी रचना असते, तीच उजव्या चाकात उलट्या बाजूने असते. ज्या भागाचा जोडीदार सापडत नाही तो एकतर हरवलेला असतो किंवा दुसऱ्याच गाडीचा असतो, आणि हे आत्ता कळलेले बरे. मागचे शू ओळखणे सर्वांत सोपे. त्यांच्या पत्र्यात हँडब्रेकच्या दांडीसाठी छिद्र किंवा खाच असते. पुढचे शू अनेक गाड्यांत मागच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे व्हर्नियरने रुंदी मोजली तरी निम्मी वाटणी होऊन जाते.

यापुढची वाटणी करायची तर शू कसा काम करतो हे नीट समजून घ्यायला हवे. पॅडल दाबल्यावर सिलिंडरचा पिस्टन शूचे एक टोक बाहेर ढकलतो आणि दुसरे टोक टेकूवर राहते. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम ज्या शूच्या पिस्टनकडील टोकावरून टेकूकडील टोकाकडे जातो, त्या शूला तो घर्षणामुळे स्वतःकडे ओढून घेतो आणि पायाच्या जोरात आपली भर घालतो. हा लीडिंग शू. ज्या शूच्या बाबतीत क्रम उलटा असतो, त्याला तोच ड्रम दूर लोटत राहतो; तो ट्रेलिंग शू. पिस्टन वरच्या बाजूला आणि टेकू खाली असेल, तर गाडीच्या पुढच्या अंगाचा शू लीडिंग ठरतो. सिलिंडर खाली असेल, तर मागच्या अंगाचा.

आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांना दोन-दोन सिलिंडर आहेत, ते दोन्ही शू लीडिंग व्हावेत म्हणूनच. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांना करावे लागते. या रचनेत प्रत्येक सिलिंडरला एकच पिस्टन असतो आणि तो एकाच दिशेला बाहेर येतो, म्हणून डाव्या-उजव्याची अदलाबदल इथे फार महागात पडते. बॅकप्लेट, म्हणजे शू आणि सिलिंडर ज्यावर बसतात तो न फिरणारा पत्रा, गाडीवर बसवल्यानंतर चाकाच्या बाहेरच्या बाजूने तिच्यासमोर बसावे आणि गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते तो बाण खडूने बॅकप्लेटवर काढावा. डाव्या चाकासाठी ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि उजव्या चाकासाठी काट्यांप्रमाणे असते. दोन्ही पिस्टन या बाणाच्याच दिशेने बाहेर आले पाहिजेत. ते उलटे येत असतील, तर डावी बाजू उजवीकडे लागली आहे. ही चूक राहून गेली, तर दोन्ही शू ट्रेलिंग होतात. अशा गाडीचे पॅडल कडक लागते, कुठे हवा नसते, कुठे गळती नसते, रिव्हर्समध्ये ब्रेक उत्तम लागतात, आणि पुढे जाताना मात्र गाडी थांबता थांबत नाही. सगळे भाग नवे आणि निर्दोष असल्यामुळे दोष रचनेत आहे अशी शंकाही येत नाही, म्हणून खडूचा बाण काढण्याचा कंटाळा कृपया करू नये.

मागच्या चाकाला एकच सिलिंडर असला, तरी तो दोन प्रकारचा असू शकतो. दोन्ही तोंडांना पिस्टन असेल, तर तो बॅकप्लेटला घट्ट बसवलेला असतो. एकाच तोंडाला पिस्टन असेल, तर सिलिंडरने स्वतःच बॅकप्लेटच्या खाचेत मागेपुढे सरकायचे असते; पिस्टन एका शूला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सिलिंडर सरकून दुसऱ्या शूला ढकलतो. हा सिलिंडर रंगाच्या थराने किंवा गंजाने जाम झाला, तर त्या चाकाचा एकच शू काम करतो. नव्याने रंगवलेल्या बॅकप्लेटमध्ये हे हमखास घडते, तेव्हा खाचेतील रंग खरवडून काढावा आणि सिलिंडर हाताच्या बोटांनी सहज सरकतो याची खात्री करावी.

काही गाड्यांत, विशेषतः अमेरिकन बनावटीच्या जुन्या गाड्यांत, तिसरी रचना असते. तिथे दोन्ही शू खालच्या बाजूला चांदणीच्या आकाराचे चाक असलेल्या अ‍ॅडजस्टरने (शू आणि ड्रम यांतील अंतर जुळवणाऱ्या भागाने) एकमेकांना जोडलेले असतात आणि टेकूची खुंटी वर, सिलिंडरच्या डोक्यावर असते. पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जाऊन मागच्या शूला खुंटीवर दाबतो, म्हणून अधिक काम मागच्या शूला करावे लागते. दोन शूंवरील लायनरची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीची, लांबी वेगवेगळी असेल, तर आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या अंगाला आणि लांब लायनरचा मागच्या अंगाला येतो. अ‍ॅडजस्टर आपोआप चालणारा असेल, तर एका बाजूच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटे असतात. त्यांवर खूण नसली तरी परीक्षा सोपी आहे : अ‍ॅडजस्टरच्या दांडीचा पंजा चांदणीला ज्या दिशेने ढकलतो, त्या दिशेने ती फिरवल्यावर अ‍ॅडजस्टर लांब झाला पाहिजे. तो आखूड होत असेल, तर ती जोडी अदलाबदल करून लावली आहे आणि ब्रेक वापरागणिक सैल होत जातील.

शूवरचा लायनर कधी कधी मध्यभागी नसून एका टोकाकडे सरकलेला असतो. हे ओबडधोबड काम समजून दुर्लक्ष करू नये. कोणत्या टोकाला उघडा पत्रा जास्त आहे, याची नोंद चारही चाकांसाठी करावी आणि डाव्या-उजव्या बाजूंना ती जुळते का ते पाहावे. स्प्रिंगांचेही तसेच. लांबी, तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या यांवरून जोड्या लावाव्यात आणि ज्या स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये, ती मोकळी असतानाच फट दिसते, ती ताणली गेलेली आहे असे समजून संपूर्ण संच नवा घ्यावा. ज्या गाड्यांत दोन शूंना जोडणाऱ्या स्प्रिंगा शूच्या मागे, म्हणजे बॅकप्लेटच्या बाजूला बसतात, तिथे त्या चुकून पुढे लावल्या तर हबला (चाकाच्या मधल्या फिरत्या भागाला) घासतात. ड्रम बसवून हाताने फिरवावा आणि काढून पाहावा. हबवर चकचकीत रेघ उठली असेल, तर स्प्रिंग चुकीच्या बाजूला किंवा चुकीच्या छिद्रात आहे.

वाटणी पूर्ण झाल्यावर ब्रेक ऑइल न भरता एकदा संपूर्ण कोरडी जोडणी करून पाहावी, तिची छायाचित्रे घ्यावीत आणि मगच ती उतरवून अंतिम जोडणीला लागावे. यापुढे कधीही ब्रेक उघडायचे झाले, तर एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू समोर असली, की आकृतीची गरज उरत नाही.

प्रश्न : शूवरचे जुने लायनर अजून बरेच जाड आहेत, परंतु त्यांवर ग्रीसचे डाग आहेत आणि ड्रममध्ये काळी धूळ साचली आहे. एअर कंप्रेसरने धूळ उडवून आणि लायनर पेट्रोलने धुऊन ते पुन्हा वापरता येतील का?

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. त्या काळातील ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जात असे आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेल्यास कर्करोगासह गंभीर आजार होतात, तेही अनेक वर्षांनी. ती धूळ हवेने उडवू नये आणि कोरड्या ब्रशने झाडूही नये. साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती आधी ओली करावी, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, फडकी पिशवीत बांधून टाकावीत आणि हे करताना बारीक कण अडवणारा मास्क वापरावा. अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर घरी घासू किंवा कापू नयेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने भिजलेल्या भागावर वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने त्यातून विषारी वायू निर्माण होतो.

तेल किंवा ग्रीस प्यालेला लायनर वरून धुऊन कोरडा दिसतो, पण पहिल्याच उतारावर तापला की आतले तेल पृष्ठभागावर येते. असा लायनर बदलायचाच आणि तोही त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचा. एका चाकाचे घर्षण दुसऱ्यापेक्षा वेगळे राहिले, तर गाडी प्रत्येक ब्रेकला एका बाजूला ओढली जाते. त्याआधी तेल कुठून आले ते शोधावे. मागच्या चाकात ते अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून किंवा व्हील सिलिंडरमधून येते. दाट आणि उग्र वासाचे असेल तर गिअर ऑइल समजावे. पुढच्या चाकात बेअरिंगमध्ये कोंबलेले जास्तीचे ग्रीस हे कारण असू शकते. कारण तसेच ठेवून बसवलेले नवे लायनर जुन्यांच्याच वाटेने जातील.

रिव्हेटने लायनर स्वतः बसवणार असाल, तर मधल्या रिव्हेटांपासून सुरुवात करून आळीपाळीने टोकांकडे जावे, म्हणजे लायनर शूला अंतर न राहता चिकटून बसतो. दोन्ही टोके आधी ठोकली, तर मध्यभागी फुगवटा राहतो. शू आणि लायनर यांच्यामध्ये फीलर गेजचे (फट मोजण्याच्या साधनाचे) पातळ पान कुठेही शिरता कामा नये.

प्रश्न : व्हील सिलिंडर उघडल्यावर आत तपकिरी चिकट थर आणि काही ठिपके दिसले. रबर किट बदलून भागेल की सिलिंडरच नवा घ्यावा? तसेच नव्या जोडणीत सिलिकॉनचे ब्रेक ऑइल भरावे असे काही जण सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : तो तपकिरी थर पाणी शोषलेल्या जुन्या ब्रेक ऑइलचा आणि गंजाचा असतो. स्पिरिटने तो स्वच्छ करावा आणि मग सिलिंडर उजेडाकडे धरून आत पाहावे. ठिपक्यांवरून नख फिरवल्यावर ते अडत नसेल, तर बारीक होनिंगने (आतून दगडाने घासून) पृष्ठभाग एकसारखा करता येतो. मात्र होनिंग भोक मोठे करण्यासाठी नसते, ते फक्त चकाकी मोडण्यापुरते करावे. नख अडत असेल आणि तो खड्डा रबरी कप (पिस्टनसोबतचे सील) ज्या पट्ट्यात सरकतो त्या पट्ट्यात असेल, तर किट बदलून उपयोग नाही. नवा सिलिंडर मिळत असेल तर तो घ्यावा आणि मिळत नसेल तर जुन्यालाच स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे स्लीव्ह (आतले नळीसारखे अस्तर) बसवून घ्यावे. दुर्मीळ गाड्यांसाठी हा दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण मूळ सिलिंडर जपला जातो आणि पुन्हा गंजतही नाही.

जोडणीच्या वेळी रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस यांचा थेंबही रबराला लागू देऊ नये. खनिज तेलाने हे रबर फुगते आणि मऊ पडते, मग पिस्टन अडकतो किंवा गळती सुरू होते. वंगण म्हणून स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचे लाल ग्रीस वापरावे. कपाची पातळ ओठासारखी कड नेहमी ऑइलच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अंगाला असली पाहिजे. दाब वाढला की तीच कड भिंतीवर दाबली जाऊन गळती रोखते. कप सरकवताना ती दुमडली गेली का, हे बोटाने चाचपून पाहावे. पिस्टन बसवल्यावर त्यांवर क्लँप किंवा तार बांधून ठेवावी आणि ड्रम बसेपर्यंत पॅडलला कोणाचाही पाय लागू देऊ नये.

सिलिकॉनच्या ऑइलबाबत जुन्या गाड्यांच्या मालकांत दोन तट आहेत आणि दोघांचीही कारणे खरी आहेत. नेहमीचे डॉट ३ आणि डॉट ४ प्रतीचे ऑइल ग्लायकॉल वर्गातील असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ साठी ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि ओलावा शोषलेल्याचा किमान १४० अंश सेल्सिअस असावा लागतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. शिवाय हे ऑइल रंग उचलते, म्हणून रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डॉट ५, म्हणजे सिलिकॉन, ओलावा शोषत नाही आणि रंगालाही धक्का लावत नाही, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकांना ते आवडते. परंतु आत शिरलेले पाणी त्यात मिसळत नसल्यामुळे ते सखल जागी साचून तिथेच गंज धरते, आणि त्यात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे काढताना फार चिकाटी लागते. दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळता येत नाहीत. डॉट ५.१ हे नावाने जवळचे वाटले तरी ग्लायकॉल वर्गातील आहे, हेही ध्यानात ठेवावे. सगळे रबर, होस आणि सिलिंडर नवे असतील तरच सिलिकॉनचा विचार करावा. गाडी नियमित चालवणार असाल, तर डॉट ४ भरून ते दर दोन वर्षांनी बदलावे असे माझे मत आहे. काही गाड्यांची रचना मुळातच खनिज तेलावर चालणारी असते. त्यांना यांपैकी कोणतेही ऑइल चालत नाही.

प्रश्न : स्प्रिंगा इतक्या ताठ आहेत, की शू बसवताना दर वेळी एक बाजू बसते आणि दुसरी निसटते. शेवटी कसेबसे बसवले, तर ड्रमच आत जात नाही. काय चुकत असावे?

उत्तर : शू एकेक करून बॅकप्लेटवर बसवून नंतर स्प्रिंग ताणण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि तिथेच दमतात. ज्या रचनेत स्प्रिंगा दोन्ही शूंना एकमेकांशी जोडतात, तिथे त्या जमिनीवरच दोन्ही शूंत अडकवाव्यात. मग एक शू त्याच्या दोन्ही जागांवर बसवावा, दुसऱ्या शूचे टेकूकडील टोक खाचेत घालावे आणि शेवटी पिस्टनकडील टोक मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू उचलून जागेवर सरकवावे. ज्या रचनेत स्प्रिंगा वरच्या खुंटीला अडकतात, तिथे त्यासाठीच असलेली स्प्रिंगची पक्कड वापरावी. साध्या पकडीतून निसटलेली स्प्रिंग डोळ्यावर येऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नये. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, कारण स्प्रिंग ताणताना आपण गाडीलाही हिसके देत असतो.

बसवण्यापूर्वी बॅकप्लेटवर जिथे शूच्या कडा टेकतात, त्या उंचवट्यांवरून बोट फिरवावे. वर्षानुवर्षे घासून तिथे खाचा पडलेल्या असतात. शू अशा खाचेत अडकला, की पॅडल सोडल्यावरही पूर्ण मागे येत नाही, किंवा ब्रेक लागताना टक्कन आवाज करून उडी मारतो. वेल्डिंगने खाच भरून ती कानशीने सपाट करावी. मग उष्णता सहन करणारे ब्रेकचे ग्रीस तिथे अगदी पातळ, बोटाने पुसल्यासारखे लावावे. लायनरला ग्रीसचा हात लागू नये म्हणून हे काम उरकल्यावर हात धुऊनच लायनर हाताळावेत.

आता ड्रम आत न जाण्याविषयी. पहिला संशय हँडब्रेकच्या केबलवर घ्यावा. केबल आवळलेली असेल, तर आतली दांडी शूंना आधीच बाहेर ढकलून धरते. जोडणीपूर्वी केबल पूर्ण सैल करावी आणि शूचे समायोजन पूर्ण झाल्यानंतरच ती ताणावी. हा क्रम उलटला, तर शू टेकूवर नीट विसावत नाहीत आणि पुढचे सगळेच मोजमाप फसते. दुसरा संशय अ‍ॅडजस्टरवर : तो पूर्ण आखूड केलेला आहे का, आणि जाम तर नाही? तिसरा सिलिंडरवर : पिस्टन पूर्ण आत गेले आहेत का? हे तिन्ही ठीक असतील, तर ड्रमच्या तोंडाची कड पाहावी. झिजलेल्या ड्रमच्या कडेला न झिजलेल्या लोखंडाची ओठी उभी राहते आणि नवे जाड लायनर तिच्यावर अडतात. ती लेथवर काढावी लागते. हातोडीने ठोकून ड्रम आत ढकलू नये. ओतीव लोखंडाला तडा जातो.

प्रश्न : ड्रम लेथवर टर्न करून घेतले आणि नवे लायनर लावले, तरी पूर्वीपेक्षा ब्रेक कमी लागतात. असे का?

उत्तर : ड्रम टर्न केल्यावर त्याचा व्यास वाढतो, नव्या लायनरचा बाक मात्र मूळ व्यासाचाच असतो. त्यामुळे लायनरचा फक्त मधला पट्टा ड्रमला टेकतो. ड्रमच्या आत खडू घासावा, ड्रम बसवून हलका ब्रेक लावून हाताने फिरवावा आणि काढून लायनर पाहावा : खडू जिथे लागला तेवढाच भाग काम करतो आहे. मध्यभागी रुंद ठसा आणि टोकांना थोडे अंतर असेल, तर काळजीचे कारण नाही. काही दिवसांच्या वापराने लायनर ड्रमच्या बाकाशी जुळून ठसा पसरतो आणि ब्रेक सुधारतात. ठसा अगदीच अरुंद असेल, तर शू ड्रमच्या मापाने ग्राइंड करून घ्यावे लागतील. ठसा फक्त दोन्ही टोकांना आणि मध्य कोरा, ही स्थिती मात्र वाईट. असा शू ड्रमला एकदम पकडतो आणि चाक लॉक करतो.

ड्रमच्या कमाल व्यासाची मर्यादा मॅन्युअलमध्ये किंवा ड्रमवर दिलेली असते आणि ती ओलांडू नये. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, तापला की प्रसरण पावतो आणि पॅडल खाली जाऊ लागते. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला टर्न करावेत. तडा शोधण्यासाठी ड्रम दोरीने टांगून हलकेच ठोकावा. अखंड ड्रम घुमतो, तडकलेला बद्द वाजतो.

प्रश्न : सगळे जोडून ब्रेकच्या नळ्यांतली हवाही काढली, पण पहिल्यांदा पॅडल जवळजवळ फळीपर्यंत जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले तर वर आणि कडक लागते. पुन्हा पुन्हा हवा काढूनही फरक नाही.

उत्तर : आपण वर्णन केलेले लक्षण हवेचे कमी आणि समायोजनाचे जास्त वाटते. हवा असेल तर पॅडल स्पंजासारखे दबते आणि दाबत राहिल्यावरही लवचीकच राहते. आपले पॅडल दुसऱ्यांदा कडक होते, याचा अर्थ शू ड्रमपासून फार दूर आहेत आणि पहिल्या दाबातील सगळे ऑइल त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होते. प्रत्येक चाकाचा अ‍ॅडजस्टर चाक पूर्ण अडेपर्यंत आवळावा, पॅडल दोन-तीनदा जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत, चाक सैल झाले असल्यास पुन्हा आवळावे आणि मग ते मोकळे फिरेपर्यंतच अ‍ॅडजस्टर मागे घ्यावा. लायनर ड्रमला अगदी हलका, कुजबुजल्यासारखा स्पर्श करत असेल तर चालते. पुढच्या चाकाला दोन अ‍ॅडजस्टर असतील, तर एकाचे काम पूर्ण करूनच दुसऱ्याला हात लावावा. चौकोनी डोक्याच्या अ‍ॅडजस्टरला त्याच मापाचा पान्हा लावावा. साध्या पान्ह्याने त्याच्या कडा झिजतात आणि मग तो हलवणेच अशक्य होते.

हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. पॅडल सावकाश दाबावे, बाहेर आलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये आणि टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. त्याआधी शू ड्रमपर्यंत आवळून ठेवले, तर पिस्टनमागची जागा लहान होते आणि हवा लवकर निघते.

नळ्यांविषयीही एक सूचना देणे आवश्यक आहे. इंचातील ३/८ मापाचा, इंचाला २४ आटे असलेला जोड आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा १० मिलिमीटरचा जोड दिसायला इतके सारखे असतात, की एक दुसऱ्यात काही आटे बसतोही, आणि पुढे दाबाखाली सुटतो. हाताने सहज न फिरणारा जोड पान्ह्याने आवळू नये.

प्रश्न : ब्रेक लागतात चांगले, पण काही अंतर गेल्यावर चाके आपोआप आवळली जातात आणि ड्रम तापतात. थंड झाल्यावर पुन्हा सगळे ठीक होते.

उत्तर : चारही चाके आवळली जात असतील, तर मास्टर सिलिंडरच्या दांडीत आवश्यक ती किंचित मोकळीक नसावी. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे बारीक छिद्र बंद राहते आणि तापून प्रसरण पावणाऱ्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही. पॅडलला मॅन्युअलप्रमाणे मोकळी हालचाल द्यावी. एकच चाक तापत असेल, तर त्या चाकाच्या रबरी होसवर संशय घ्यावा. जुना होस बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बंद झालेला असतो. पायाच्या जोराने ऑइल आत जाते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. अडकलेल्या स्थितीत त्या चाकाचे ब्लीडिंग निप्पल (हवा काढण्याचे तोंड) उघडल्यावर चाक मोकळे झाले, तर अडथळा नळीत किंवा होसमध्ये आहे. तरीही चाक मोकळे झाले नाही, तर शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेकची केबल तपासावी.

प्रश्न : माझी गाडी हायड्रॉलिक ब्रेक येण्यापूर्वीची असून सळयांनी चालणारे ब्रेक आहेत. नवे लायनर लावल्यावर सळया आखडून ब्रेक जुळवावेत का?

उत्तर : नाही. झिजेचे समायोजन नेहमी चाकापाशी असलेल्या अ‍ॅडजस्टरने करावे. सळयांची लांबी एकदा मॅन्युअलप्रमाणे ठरवायची, ब्रेक सुटलेले असताना सगळ्या दांड्या आपापल्या थांब्यावर टेकलेल्या असल्या पाहिजेत, आणि नंतर सळयांना हात लावायचा नाही. सळई आखडल्यास दांडीचा कोन बदलतो आणि तिच्या फेकीचा सर्वांत जोरकस टप्पा वाया जातो. पिना आणि त्यांची भोके झिजून लांबट झाली असतील, तर तीच ढिलाई चारही चाकांत वेगवेगळी होऊन येते. तेव्हा लायनरच्या आधी बुश आणि पिना बदलून घ्याव्यात.

पहिली चाचणी सर्व वाचकांनी मोकळ्या, सपाट आणि रहदारी नसलेल्या जागेत, चालण्याच्या वेगाने करावी, आणि हँडब्रेक एकट्याने गाडी थांबवतो याची खात्री त्याआधी करून घ्यावी. हबच्या नटाला नवी कॉटर पिन घातली आहे ना, हे चाक बसवण्यापूर्वी पाहावे. सुरुवातीच्या दिवसांत मध्यम वेगावरून हलके ब्रेक लावावेत आणि दोन ब्रेकांमध्ये ड्रमला थंड व्हायला वेळ द्यावा. मग ड्रम काढून खडूची परीक्षा आणि अ‍ॅडजस्टरचे समायोजन पुन्हा एकदा करावे, कारण नवे लायनर बसताना अंतर वाढलेले असते.